दोन गिटारींचं काम

सर्जेरावने विडीचा शेवटचा झुरका घेतला, ती डाव्या हाताच्या करंगळीवर दाबून विझवली आणि थोटूक खिडकीतून खाली गल्लीत टाकलं.

"बगा, गिटारवाल्याचा हात!" तो म्हणाला. "चटका म्हंजे काय आस्तंय त्येच ठावं न्हाई ह्या बोटास्नी."

तालमीला नवीन आलेला ढोलकीवाला आ वासून बघत राहिला आणि आम्ही बाकीचे हसलो. सर्जेरावचा हा खेळ ठरलेला होता. नवं माणूस दिसलं की त्याचा हात विडीच्या बंडलाकडे गेलाच म्हणून समजा. गिटारच्या तारा पोलादी असतात. सुरुवातीला त्या बोटं सोलून काढतात, मग बोटांच्या टोकांना घट्टे पडतात. ते घट्टे आम्ही पोरींना दाखवत नसू, कारण पोरी आमच्याकडे बघतच नसत. एकमेकांना मात्र पैलवानाने दंड दाखवावेत तसे दाखवायचो.

त्या दिवशी मी हसता हसता थांबलो. घट्टा असतो बोटाच्या टोकाला. सर्जेरावने विडी विझवली होती करंगळीच्या बाहेरच्या कडेला, जिथे तार जन्मात लागत नाही. तिथली कातडी जळल्याचा वास माझ्यापर्यंत आला, आणि हा गडी ढोलकीवाल्याला डोळा मारत होता.

गोष्ट चाळीसेक वर्षांपूर्वीची आहे. कोल्हापुरात एका शिंप्याच्या दुकानावरच्या माडीत आमच्या 'स्वरपौर्णिमा' ऑर्केस्ट्राची तालीम चालायची. ऑर्केस्ट्रा दत्तोबा मास्तरांचा. पूर्वी ते तमाशात पेटी वाजवायचे, आता पांढरा सफारी घालून माइकसमोर उभे राहायचे आणि तमाशाचं नाव काढलं की ऐकू न आल्यासारखं करायचे. आमच्यात दोन गिटारी होत्या. लीड सर्जेरावकडे, रिदम माझ्याकडे. म्हणजे गाण्याच्या सुरुवातीचे आणि कडव्यांच्या मधले जे तुकडे ऐकून लोक शिट्ट्या मारतात ते त्याचे, आणि त्या सगळ्याच्या खाली ठेका धरून कॉर्ड झोडत राहायचं ते माझं काम. टाळ्या त्याला, चहा मला. याचं मला वाईट वाटत नव्हतं असं म्हणणार नाही. पण सर्जेराव रंगात आला की मीही माझा हात चालू ठेवून त्याचंच ऐकत राहायचो. आणि माणूस दिलदार. पहिली कॉर्ड मला त्यानेच धरायला शिकवली होती.

त्या वासाने मी थांबलो, त्याला कारण होतं. माझ्या वडिलांना महारोग झालेला होता. ते गावाबाहेरच्या वसाहतीत राहायचे आणि तिथल्या हातमागांवर देखरेख करायचे. रोग कधीच बरा झाला होता, पण बोटं गेली ती गेलीच. चुलीतलं लाकूड सारताना त्यांचा हात भाजला आणि ते आईला वासावरून कळलं, ही हकिगत मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ऑर्केस्ट्रात मात्र मी वडील वारले म्हणून सांगितलं होतं. खरं सांगितलं असतं तर मास्तरांनी मला त्या माडीचा जिनासुद्धा चढू दिला नसता.

मी वसाहतीत जाऊन बाबांना सर्जेरावचं सांगितलं.

"कुठलं बोट म्हणालास?" बाबांनी विचारलं.

"करंगळी. शेजारच्या बोटाचं म्हाईत न्हाई."

बाबांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. "माझं तितनंच सुरू झालं. वाकली न्हाईत न्हवं अजून बोटं?"

"न्हाई. वाजवतोय की तो."

"मग येळ गेली न्हाई. आता गोळ्या चांगल्या निघाल्यात. लगीच आला तर हात वाचंल. माझ्यागत लपून बसला तर रोग जाईल, पर बोटं न्हाई गावायची परत." मग म्हणाले, "सांग त्येला. पर माझं नाव घिऊ नगंस. तुझं पोट हाय त्या गिटारीवर."

दुसऱ्या दिवशी मी सर्जेरावला तालमीच्या आधी गाठला. माडीवर आम्ही दोघेच होतो.

"सर्जा, डोळं मीट."

"का? पापा घेतोस काय माझा?"

"मीट की लेका."

गिटारची एक तुटकी तार घेऊन मी तिच्या टोकाने त्याच्या डाव्या तर्जनीच्या कडेला टोचलं. तो "आयव!" म्हणून ओरडला. मधल्या बोटाला टोचलं, तो पुन्हा ओरडला. मग करंगळीला टोचलं आणि शेवटी तिच्या शेजारच्या बोटाला. तिथे जरा जोरातच टोचलं असावं, कारण रक्ताचा बारीक थेंब वर आला. सर्जेराव डोळे मिटून तोंडभर हसत बसला होता.

"टोच की," तो म्हणाला. "का झोपलास?"

डोळे उघडून त्याने तो थेंब बघितला. पुसला. "घट्टं हाईत ती," तो म्हणाला.

"कडंला घट्टं नसत्यात, सर्जा. दवाखान्यात चल. रगतपितीची सुरुवात हाय ही."

त्याने मला एक कचकचीत शिवी हासडली. "तुला रे कुणी सांगितलं?"

"ऐकलंय."

"ऐकलंय म्हणं! कंपाउंडर हाईस?" मग जिन्याकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "वैशाखात लगीन हाय माझं, जोत्या. असलं काय बाहेर फुटलं तर पोरगी सोड, घरातली बी ताट येगळं करतील माझं."

"मी कुणाला बोलत न्हाई. शेताचं काम निघालं म्हण आणि दोन म्हैनं गोळ्या घिऊन बघ. पुढचं पुढं."

"आणि लीड कोण वाजवणार, तुझा आजा? मास्तर आठवड्यात दुसरा हुभा करतील. हितं जागा गेली की गेली."

"मी वाजवतो. रिदमसंगट."

तो मनापासून हसला. "गड्या, रिदम त्ये रिदम आणि लीड त्ये लीड. दोन्ही एकाला जमलं आस्तं तर मास्तरांनी दोघं कशाला ठेवलं आस्तं?"

त्याच्या त्या हसण्याने मी ईर्षेला पेटलो. जागा जाईल या एका भीतीने तो हात घालवायला निघाला होता. ती भीती काढायची तर त्याचं काम माझ्या हातून होतं आणि ते मी फक्त सांभाळायला घेणार आहे, हे त्याला दिसायला हवं होतं. मी माझ्या खोलीत दार लावून बसू लागलो.

काम सोपं नव्हतं. कॉर्ड धरली की डाव्या हाताची सगळी बोटं गुंतून पडतात. त्यातलं एक सोडवून बारीक तारेवर सूर काढायला जावं तर बाकीची कॉर्ड ढासळायची. उजवा हात लीडच्या मागे गेला की जाड तारांवरचा ठेका पळून जायचा. गाणारा माणूस ठेक्यावर उभा असतो, त्याच्या पायाखालची फळी काढून चालत नाही. हळूहळू मला कळलं की सर्जेरावचा अख्खा तुकडा उचलायचाच नाही. त्यातले कानाला लागणारे सूर तेवढे निवडायचे, तेही धरलेल्या कॉर्डच्या आसपास सापडतील असे. ठेका जाड तारांवर चालू ठेवायचा आणि आमची गायिका जिथे श्वास घेते तिथे करंगळीने वरचा सूर घालून लगेच घरी परत यायचं. एका संध्याकाळी ते जुळलं. एकाच गिटारीतून आम्ही दोघे ऐकू आलो आणि मला रडूच फुटलं.

हे मी त्याला एकट्याला गाठून ऐकवणार होतो. तसं झालं नाही.

एका साखर कारखान्यावर गळीत संपल्याचा कार्यक्रम होता. मैदान माणसांनी फुललेलं, हवेत मळीचा वास, ऊन नुकतंच उतरलेलं. आम्ही पांढऱ्या पँटी आणि निळे झब्बे घालून उभे होतो. पहिली दोन गाणी नीट गेली. तिसऱ्याच्या सुरुवातीला सर्जेरावचा मोठा तुकडा होता. त्यात करंगळीशेजारच्या बोटाने बारीक तार दाबून वर ओढायची आणि सूर रडवायचा. त्याने तार ओढली आणि सूर चिरकला. त्याने पुन्हा ओढली. किती जोर लागतोय ते त्याला कळतच नव्हतं, म्हणून तो आणखी दाबत होता. मी बघितलं तर गिटारच्या मानेवर रक्त, त्याच्या पांढऱ्या पँटीवर रक्ताचे ठिपके, आणि तो प्रेक्षकांकडे बघून हसत होता.

मी सरकून त्याच्या पुढे उभा राहिलो, लोकांना तो दिसू नये म्हणून. आणि त्याचा तुकडा माझ्या ठेक्यावर उचलला. खालून कॉर्ड चालू, वरून सूर. गायिकेने चमकून मागे बघितलं आणि गाणं घेतलं. मागे सर्जेरावचा हात थांबला होता. गाणं संपलं तेव्हा कामगारांनी शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. "वन्स मोअर" आला. तोही मी तसाच वाजवला.

मध्यंतरात स्टेजच्या मागे मास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "जोतिराम, अरे दोन गिटारींचं काम एका गिटारीत! मग मी जीपमध्ये एवढी गर्दी कशाला कोंबतोय?"

ते गमतीत बोलले असतील. सर्जेरावला ती गंमत वाटली नाही. तो आला आणि त्याने मला सगळ्यांदेखत एक सणसणीत ठेवून दिली.

"ह्येच्यासाठी चाललं हुतं व्हय रं तुझं?" तो ओरडला. "दवाखान्यात जा, सुट्टी घे! आणि आतनं माझा पीस बसवत हुतास! कॉर्ड धरायला मी शिकवली तुला, भाड्या!"

माझा गाल पेटला होता. "हात बघ तुझा," मी म्हणालो.

"काय बघू?"

"आरं, बोट फाटलंय तुझं!" गायिका किंचाळली.

सर्जेरावने हात वर केला. आधी पालथा बघितला, मग उताणा. रक्त मनगटापर्यंत आलं होतं आणि कुठून येतंय ते तो शोधत होता. ते बघून माझा राग कुठल्या कुठे गेला.

"मास्तर," मी म्हणालो, "त्याला दोन महिने सोडा. औषधाची गरज आहे. तोवर मी दोन्ही वाजवतो. पण जागा त्याची. तो परत आला की मी माझ्या रिदमवर."

"कसलं औषध?" मास्तरांनी विचारलं.

"सांग की!" सर्जेराव म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "सांग, कसलं औषध. ऐकलंय म्हणून सांगू नगंस. तुला काय म्हाईत आस्तंय त्यातलं?"

मी त्याच्या रोगाचं नाव घेणार नव्हतो. पण पुराव्यावाचून तो ऐकणार नव्हता आणि माझ्याजवळ पुरावा एकच होता.

"माझ्या बापाचं बोट असंच फाटायचं," मी म्हणालो. "असंच त्याला कळायचं न्हाई. तो लपून बसला म्हणून त्याची बोटं गेली."

"तुझा बाप मेलाय न्हवं?" ढोलकीवाला म्हणाला.

"जित्ता हाय. वसाहतीत असतोय."

कुठली वसाहत, हे कुणी विचारलं नाही. कोल्हापुरात ते विचारावं लागत नाही. गायिकेने पदर तोंडाला लावला. ढोलकीवाला मघाशी माझ्याच ग्लासातला अर्धा चहा प्यायला होता. तो ग्लास त्याने जमिनीवर ठेवला आणि पायाने लांब सारला. मला वाटलं होतं, सगळे सर्जेरावच्या हाताकडे बघतील. सगळे माझ्याकडे बघत होते.

"किती वर्षं?" मास्तर म्हणाले. "किती वर्षं आमच्यात जेवतोयस तू?"

"मास्तर, मला काही झालेलं नाही. बाबांचाही रोग बरा झालाय. तुम्ही डॉक्टरला विचारा."

"सर्जेराव, तू आधी हात धू. साबणाने धू," मास्तर म्हणाले. "ह्याच्या गिटारीला तू कधी हात लावलायस?"

सर्जेरावने खिशातून रुमाल काढून डाव्या हाताला गुंडाळला. मी त्याच्याकडे बघत होतो. एक वाक्य पुरलं असतं: 'मास्तर, दुखणं माझं आहे.' त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. इतका घाबरलेला माणूस मी त्याआधी बघितला नव्हता. मग तो नळाकडे गेला.

"तू नीघ," मास्तर मला म्हणाले. गिटार मास्तरांची होती, म्हणून मी ती गळ्यातून काढून त्यांच्यापुढे धरली. ते दोन पावलं मागे सरले. "घेऊन जा ती. तिला आता कोण हात लावणार?"

अशी मला गिटार मिळाली. कारखान्याच्या फाटकाशी मी एसटीची वाट बघत उभा होतो तेव्हा कार्यक्रमाचा दुसरा भाग सुरू झाला. एकच गिटार वाजत होती. दोन बोटांनी धरता येतील अशा कॉर्ड, आणि लीडच्या जागी पेटी. लोक तरीही टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर मला शहरात कुणी काम दिलं नाही. मी बाबांकडे वसाहतीत राहायला गेलो आणि मागावर बसायला शिकलो. सर्जेरावबद्दल कानावर यायचं. लग्न झालं. ऑर्केस्ट्रात आता तो रिदम वाजवतो. मग तो फक्त खंजिरी वाजवतो म्हणून कळलं. मी त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की शेवटी त्यांची चवच गेली.

दोन-अडीच वर्षांनी एका दुपारी तो वसाहतीच्या फाटकात उभा होता. उजव्या हातात पत्र्याची ट्रंक, डावा हात खिशात. मला बघून तो हसला नाही.

"बायकू म्हायारला गेली," तो म्हणाला. "घरच्यांनी हितं आणून सोडलं. फाटकापत्तुर बी आलं न्हाईत. सडकंवरनंच माघारी फिरलं."

"हात बघू."

त्याने खिशातून हात काढला. करंगळी आणि शेजारचं बोट तळव्याकडे वळून घट्ट बसली होती. मी ती सरळ करून बघितली, सोडली की परत मिटायची. बाकीची दोनही आता त्यांच्या मागे निघाली होती.

"डाक्टर म्हणाला रोग जाईल," सर्जेराव म्हणाला. "बोटांचं कायबी सांगत न्हाई म्हणाला."

इतकी वर्षं साठवलेलं मला तिथे बोलायचं होतं. तो हात हातात धरून ते बोलता येईना. एवढंच तोंडातून आलं, "मी सांगत हुतो, सर्जा. त्याच आठवड्यात आला असतास तर ही बोटं सरळ असती."

"म्हाईत हाय."

"मग का न्हाई आलास? माझ्यावर इस्वास न्हवता?"

"हुता की." त्याने ट्रंक खाली ठेवली. "कारखान्यावर तू माझा पीस वाजवलास न्हवं, तवाच मी मनात ठरवलं हुतं. तुला मारलं ती टाळक्यातली आग हुती. पर पटलं हुतं. ह्यो माझं काम ओढतोय, आता दोन म्हैनं जायाला हरकत न्हाई. मास्तरास्नी तसं सांगणारच हुतो."

"मग?"

"मग तू बापाचं सांगितलंस."

तो माझ्या हातातल्या त्याच्या बोटांकडे बघत होता.

"तुझं त्येनी काय केलं त्ये मी बघितलं," तो म्हणाला. "आणि तू तर धडधाकट हुतास, जोत्या."